व्हय-नाय मॅडम

आमच्या मॅडम विद्यार्थ्याला "कुठं चुकलं?" असं कधी विचारत नसत. शेजारी खुर्ची ओढून बसत, प्रोग्रामच्या एकेका तुकड्यावर बोट ठेवत आणि म्हणत, "ह्याच्या हातात आलं ते बरोबर हाय? व्हय का नाय?" माहेर गंगापूरकडचं, बोलणंही तिकडचंच. म्हणून सगळं कॉलेज त्यांना व्हय-नाय मॅडम म्हणे.

त्यांचं संशोधनही हेच होतं. फंक्शनल प्रकारच्या प्रोग्रामिंग भाषांत एका फंक्शनचं, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याचं, उत्तर पुढच्याच्या हाती जातं आणि एकदा दिलेलं उत्तर मागाहून बदलत नाही. म्हणून नुसते प्रश्न विचारत चुकलेल्या फंक्शनपर्यंत पोचवणारं साधन त्या तयार करत होत्या. "आलेलं बरोबर आन् गेलेलं चूक, तोच गुन्हेगार. बाकीच्यांना उगं झोडू नका," असं त्या म्हणत. विभागप्रमुख मात्र स्टाफरूममध्ये हसत, की असल्या भाषेवर चिकलठाण्याच्या एमआयडीसीतली कुठली कंपनी नोकरी देणार? स्वतः वर्षानुवर्षं एक ओळ न लिहिलेल्या माणसाने हे म्हणावं, याचा मला आजही संताप येतो.

संशोधन चालू ठेवायचं का, हे ठरवायला बाहेरून समिती आली. दाखवायला गुणवत्ता यादी लावणारा छोटा प्रोग्राम ठेवला होता. तेच गुण दोनदा आलेले बरे दिसत नाहीत, म्हणून प्रमुखांनी त्या सकाळी मॅडमना न सांगता क्रम लावणाऱ्या फंक्शनमध्ये हात घातला आणि पुन्हा आलेले गुण गाळायला लावले. समितीपुढे यादी आली, तर सारखे गुण असलेल्या दोन मुलींपैकी एक गायब. मॅडमचं काम हे असंच असतं, असं प्रमुख लगेच म्हणाले.

मॅडमनी साधन सुरू केलं आणि कीबोर्ड प्रमुखांच्याचपुढे सरकवला. समितीच्या देखत खरी उत्तरं देणं भागच होतं. थोड्याच प्रश्नांत साधनाने सकाळी बदललेलं फंक्शन दाखवलं. "ह्याला आज मी हात लावला नव्हता, सर," एवढंच मॅडम म्हणाल्या.

साधन चोख ठरलं, याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? पण समिती विभागप्रमुखांच्या खोलीत चहाला बसली आणि निर्णय आला: सादरीकरण सदोष, संशोधन बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी! मॅडमनी राजीनामा दिला.

त्यांना एसटीत बसवून द्यायला मी गेलो. त्यांनी खिडकीची जागा पकडली. मग खिडकीतून म्हणाल्या, "समितीच्या हातात आलं ते बरोबर व्हतं. व्हय का नाय?"

"व्हय, मॅडम."

"आन् त्यांच्या हातून गेलं ते?"

मी "नाय" म्हणालो तेव्हा गाडी हलली होती.