आठवड्याची तीस पाकिटं

माझा दीर गेला तेव्हा माझी धाकटी जाऊ एकोणचाळीस वर्षांची होती. भिलाईजवळच्या बोरसीतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडल्या तर तिच्याकडे काही नव्हतं. दीर ठेकेदाराकडे वेल्डर होता. माझ्या नवऱ्यासारखा पोलादाच्या प्लांटचा पक्का माणूस नव्हता, त्यामुळे मागे ना पेन्शन, ना क्वार्टर. तेरवीला तिचा भाऊ गोंदियाकडच्या गावाहून आला होता. पंगत उठायच्या आधीच त्यानं विषय काढला.

"बाई, चाल आता घरी. इथं एकटी राहून का करशीन?"

ती मान खाली घालून म्हणाली, "पोळ्यापर्यंत राहू दे न भाऊ."

पोळ्याला सात महिने होते. भाऊ कबूल झाला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. त्याच्या घरी थोडी शेती, बायको, तीन लेकरं. तिथं हिला कोणी टाकून बोललं नसतं. पण जन्मभर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात विचारून चहा ठेवावा लागला असता, आणि माझी जाऊ दिवसातून चारदा चहा पिते. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

तिला येत काय होतं? सरगुंडी. आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. गव्हाची कणीक घट्ट भिजवायची, तिची बारीक दोरी वळायची, ती काडीवर वेढे देत गुंडाळायची आणि अलगद काढून उन्हात वाळवायची. मग हवी तेव्हा उकडायची आणि आमरसात किंवा गूळ घातलेल्या दुधात खायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून प्रयत्न करते आहे, माझी अजूनही काडीला चिकटतात. तिच्या हाताखालून मात्र एकसारखी, नाजूक, पोकळ सरगुंडी निघतात. सासूबाई माझ्यासमोर तिचं कौतुक करायच्या आणि मला त्याचा राग यायचा, हेही खरं आहे.

माझ्याकडे काय होतं? फोन आणि तोंड. दोन्ही सारखंच चालतं असं माझा नवरा म्हणतो.

मार्च महिन्यात मी आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. भिलाईतच नऊ-दहा घरांनी मागवली. मग माझ्या मुलीनं इंस्टाग्रामवर पान काढून दिलं. जावेचे नुसते हात दिसतील असा छोटा व्हिडिओ केला, बोटं काडीभोवती फिरताहेत एवढंच. एप्रिलच्या एका सकाळी मुलगी फोन घेऊन धावत आली. "आई, ये तो चल गया. पुण्याहून, बंगलोरहून मेसेज येऊन राहिले." नागपूर-भंडाऱ्याकडची माणसं कुठं कुठं जाऊन राहिली आहेत ते मला त्या दिवशी समजलं. कुणाची आई थकली होती, कुणाच्या घरी आता कोणाला वळता येत नव्हतं. सगळ्यांना सरगुंडी पाहिजे होती.

मी सगळ्यांना "हो" लिहिलं. मला वाटलं झालं, गाडी लागली मार्गाला. बोरसीला जाऊन जावेला सांगितलं, "आता पोळा येऊ दे नाहीतर दिवाळी, तुला कुठं जायला नको." ती कणीक भिजवायला बसली. तीन आठवडे ती सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वळत होती. बोटं सुजली. मी पाकिटं भरायची, वजन करून तिच्याच खोलीत ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी मीच ऑटोनं भिलाईच्या सिविक सेंटर बाजारात कुरिअरवाल्याकडे नेऊन द्यायची.

मे महिन्यात तक्रारी सुरू झाल्या. चुरा आला. पाकीट उघडलं तर भुगा निघाला. एका बाईनं फोटोच पाठवला, ताटात रवा ओतल्यासारखा दिसत होता. मी कुरिअरच्या काउंटरवर जाऊन भांडले. तो बिचारा माणूस म्हणत होता, मॅडम, हम तो फेंकते नहीं. मी ऐकून घेतलं नाही. मग कणकेला दोष दिला, उन्हाला दिला, जावेच्या घरमालकिणीच्या गच्चीला दिला. दोष द्यायला मी कमी पडत नाही.

एक पाकीट पत्ता न सापडल्यानं परत आलं. तेही भुग्याचंच होतं. मी सहज वजनकाट्यावर ठेवलं. मी अर्धा किलो भरते. हे त्याहून बरंच जास्त भरलं. मी जावेकडे पाहिलं.

ती शांतपणे म्हणाली, "मूठभर टाकते न मी वरून. तुम्ही गेल्यावर."

"कावून?"

"पुरौनी नको का? भाजीवाली भी देते. पयसे घेऊन नुसतं मोजून देवाचं, बरं नाही दिसत, ताई."

छत्तीसगढात बाजारात कुणीही वजन झाल्यावर वर चिमूटभर, मूठभर टाकतंच. तीच पुरौनी. आम्ही इथं दोन पिढ्या राहिलो, आम्हालाही तिची सवय झाली आहे. ती मूठ मावावी म्हणून जाऊ पाकीट उघडायची, दाबून दाबून भरायची आणि पुन्हा चिकटवायची. उन्हात वाळलेली, आतून पोकळ सरगुंडी. दाबल्यावर ती टिकणार कशी? शंभरावर माणसांना तिनं मायेनं भुगा पाठवला होता.

मी चिडले. खूप बोलले. तिच्यामुळे माझं नाव खराब झालं असंही बोलले. त्या घडीला मला माझ्याच नावाची पडली होती, याची आज लाज वाटते. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग पोळ्याले जाईन मी. भाऊ बराबर म्हणे." मला वाटत होतं मी धंदा चालवते आहे, आणि ती रोज पोळ्याचे दिवस मोजत होती.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये आहे. लग्नापासून मी त्याच्या तोंडून मिलबद्दल जेवढं ऐकलं तेवढं बहुतेक मी दुसऱ्या कानानं सोडून दिलं. त्या दिवशी ऐकलं.

"एक दिवस ढेर, चार दिवस काहीच नाही, असं केलं तं मिल बसते," तो म्हणाला. "तिचे हात किती करू शकते हप्त्यात, हे पह्यले पाह्य. तेवढंच घे. जास्त नको, कमी नको."

"आणि जे मागतात त्यांना?"

"सांग न, पुढच्या हप्त्यात."

नाही म्हणायला मला जिवावर आलं. आमच्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणत नाहीत, फार तर पाहतो म्हणतात. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बोरसीला गेलो. मोठा दीर म्हणून माझी जाऊ माझ्या नवऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. आमच्याकडची जुनी रीत आहे, ती अजून पाळते. तो बाहेर ओट्यावर बसून भिंतीकडे पाहत बोलायचा, ती आतून मला उत्तर द्यायची, आणि मी मध्ये बसून दोघांचं ऐकायची. त्या तऱ्हेनं ठरलं की आठवड्याला तीस पाकिटं. सोमवारपर्यंत वळायची आणि वाळवायची, मंगळवारी भरायची, बुधवारी पाठवायची. पुरौनीवर ती अडून बसली. मूठभर द्यायचीच. शेवटी आम्ही पाकिटाऐवजी मोठा पुठ्ठ्याचा डबा घेतला, मूठ टाकूनही वर बोटभर जागा उरेल एवढा. एवढी साधी गोष्ट कुणाला आधी सुचली नव्हती.

ज्यांना भुगा गेला होता त्या सगळ्यांना पुन्हा पाठवायचं ठरलं, तेही तिसातूनच, दर आठवड्याला थोडी थोडी. मी पानावर लिहिलं, आठवड्याला तीसच होतात, थांबावं लागेल. चिडून गेले ते गेले. भुग्याचा फोटो पाठवणाऱ्या बाईनं चांगल्या सरगुंड्यांचाही फोटो पाठवला आणि आणखी दोन डबे मागवले. एकाही दिवशी पुन्हा एप्रिलसारखा गोंधळ झाला नाही. फोन क्वचितच वाजायचा, आणि मला ते सवयीचं व्हायला बराच वेळ लागला. मला गडबड आवडते. जावेला आवडत नाही, आणि हे काम तिचं होतं.

जुलैत पाऊस लागला तेव्हा मात्र मी घाबरले. ऊन नाही, सरगुंडी पंख्याखाली तीन-तीन दिवस ओली. तिसाची वीस झाली, एका आठवड्यात अकराच गेली. मी म्हटलं पोळ्यापर्यंत बंद ठेवू. तिनं ऐकलं नाही. "अकरा तं अकरा," म्हणाली, आणि बुधवारी छत्री घेऊन स्वतःच सिविक सेंटरला गेली. मला न विचारता ती कुठं गेली असेल तर ते पहिल्यांदाच.

पोळा झाला आणि दोन दिवसांनी, मंगळवारी, तिचा भाऊ आला. मी त्या दिवशी भरायला तिथंच होते. खोलीभर चादरीवर सरगुंडी पसरली होती. त्याला पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो दाराशीच बसला. मी मनात सगळं बोलणं तयार करून ठेवलं होतं. किती ऑर्डरी, किती लोक, काय काय. तोंड उघडणार तेवढ्यात जावेनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, मग चहा ठेवला, आणि पुढच्या आठवड्याची वळायला पुन्हा काडी हातात घेतली.

तो पाहत राहिला. "हे एवढं कोण खाते?"

"लोकं खाते. बंगलोरले खाते. दर हप्त्याले जाते."

"दर हप्त्याले?"

"हव. पाण्यात भी गेलं."

लहानपणी आई वळायची तेव्हा तो काड्या चोरून पळायचा, असं म्हणाला आणि थोडं हसला. मग जे बोलायला आला होता ते बोलला. "मी घरी सांगून आलो, बाई येते म्हणून. खोली रिकामी केली. चुना मारला. खाट टाकली."

बहिणीला न्यायला आलेला माणूस रिकामा परत जाणार, आणि गावात लोक विचारणार. मला त्याची कीव आली. त्यानं खरंच खोली केली होती. मी जावेकडे पाहिलं. ती आता हो म्हणेल असं मला वाटलं. तिचा स्वभाव तसाच, कुणाचं मन मोडायचं नाही.

तिनं हातातलं सरगुंडं काडीवरून काढलं, चादरीवर ठेवलं.

"खाट राहू दे," ती म्हणाली. "दिवाळीले येते न मी. भाऊबीजेले. दोन दिवस राहीन."

"दोनच दिवस?"

"पाव्हणी किती दिवस राहते, भाऊ?"

भावानं चहाचा कप खाली ठेवला. मान दुसरीकडे वळवली, डोळे पुसले, आणि मग म्हणाला, "बरं. न्यायले येतो मंग."

"नको. गाडी मालूम आहे मले. माही मी येते."