बर्फघरातली दीपमाला

दीपमालाच्या हातचा मार कारंज्यातल्या बऱ्याच बड्या घरच्या पोरांनी खाल्लाय, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

कारंजा घाडगेच्या पुढं, हायवेवर ढाब्यांच्या रांगेत ताराचंद शेठचं बर्फघर आहे. बाहेर रस्त्याचं डांबर वितळतं आणि आत यंत्रानं पाडलेल्या बर्फाचा दोन मजली उतार. कुणी पायाला स्कीच्या पट्ट्या बांधून उतरतं, कुणी रबरी ट्यूबमध्ये बसून. अर्ध्यावर एक लोखंडी खांब आहे, तिथून उताराच्या दोन वाटा फुटतात. मी उताराच्या माथ्यालगतच्या जॅकेट-बुटांच्या खिडकीवर बसतो. लोकांचे ओले मोजे हाताळून माझा स्वभाव आधीच आंबलेला, त्यात आमची माणसं! बर्फ दिसलं की शहाण्यासुरत्याच्याही अंगात येतं. पहिला खाली पोचत नाही तोवर दुसरा उडी टाकतो, आणि पोचलेला उठायचं सोडून तिथंच फतकल मारून फोटो काढतो.

दीपमाला नाचणगावची. शाळेपासून कबड्डी खेळली, जिल्ह्याच्या संघात होती. घोटा हातात आला की सोडायची नाही म्हणतात. नवरा ट्रकवर असतो, म्हणून दोघांनी कारंज्यात खोली केली, आणि शेठनं तिला उताराच्या माथ्यावर उभं केलं. सुरुवातीला ती फलकावरचे नियम गोड आवाजात सांगायची. "दादा, खालचा बाजूले झाला का मंगच तुमी निंगजा."

तो गोड आवाज पहिल्याच उन्हाळ्यात संपला. एका पिऊन आलेल्या गड्यानं तिला ढकलून पट्ट्यांवर सूर मारला. खाली एक शिक्षिका ट्यूबमधून उठत होत्या. पट्टीचं टोक त्यांचा गाल फाडून आत गेलं. बर्फ लाल झालं, त्यांचे दात मी माझ्या हातानं वेचले. आणि तो गडी हसत विचारतो, "जास्त लागलं का मॅडम?" दीपमाला बसल्या बसल्या घसरत खाली आली, त्याची मानगूट धरली आणि त्याचं थोबाड त्याच लाल बर्फात दाबलं. तो हातपाय झाडायला लागला तरी सोडेना. आम्ही ओढून काढली. मला तर ओढायचंही नव्हतं, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर ती सांगत बसत नसे, अडवायची. न ऐकणाऱ्याची ट्यूब हिसकायची, हात उचलणाऱ्याला आडवा पाडायची. एकानं तिच्या मनगटाचा लचका तोडला, तर त्याचं नाक फुटेपर्यंत तिनं दुसऱ्या हातानं हाणलं. शेठ कपाळाला हात लावायचा.

"बाई, गिऱ्हाईक आहे ते. मारून काऊन राह्यली?"

"मेलेलं गिऱ्हाईक परत येत नाई, शेठ," ती म्हणायची. शेठ गल्ल्याकडं जायचा.

गेल्या वैशाखात अमरावतीकडून एक वऱ्हाड नवरी घेऊन सिंदी रेल्वे या आपल्या गावी परत निघालं होतं. मुलांच्या हट्टानं गाड्या आमच्या दारात थांबल्या. नवरदेव रजत, नवरी आकांक्षा, आणि वऱ्हाडाचे कर्तेधर्ते म्हणजे रजतचे काका, नानाजी. रजतच्या छातीवर आडव्या बांधलेल्या उपरण्याला आकांक्षाच्या पदराची गाठ मारलेली होती. घरच्या देवापुढं उभं राहीपर्यंत ती सोडायची नसते, हे आपल्याकडं लेकरालाही ठाऊक. जॅकेट चढवताना पदराचा एक वेढा तिच्या गळ्याभोवती बसला आणि उरलेला कॉलरमधून बाहेर आला. मित्रांना व्हिडिओ हवा होता, दोघं दोन ट्यूबमध्ये, हातात हात धरून घसरताना.

दीपमाला आडवी आली. "पह्यले गाठ सोडा. खांबापाशी वाट फुटते. एक इकडून गेला, एक तिकडून गेली, त कापड अडकन आन् हिचा गळा आवळन."

"गाठ सोडा?" नानाजी उसळले. "शुभ कामात काय बोलून राह्यली तू? तुमच्यात गाठ नसते, तुले काय समजन?"

नानाजींनी तिच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं होतं. त्या 'तुमच्यात'चा रोख जातीवर होता, हे तिथं सगळ्यांना कळलं. माझ्या हातात बूट होता, तो फेकून मारावासा वाटला. दीपमालाचा आवाज मात्र चढला नाही.

"आमच्यात गाठ नसन, काका. गळा असते. हिलेही आहे."

आकांक्षा काहीतरी बोलायला गेली, पण नानाजींच्या तोंडाकडं पाहून गप्प राहिली. रजतनं बूट न्याहाळले. नवरदेवाला त्या दिवशी मान फार आणि अक्कल कमी असते.

एका मित्रानं दीपमालाला बाजूला लोटलं. तिनं वाकून त्याचा घोटा उचलला, तो डोक्यावर आपटला. मग चौघं तुटून पडले. एकानं तिच्या तोंडावर बुक्की मारली, एकानं पोटात लाथ. ती एकाला चावली, एकाचं बोट उलटं मोडलं, तो बोंबलत सुटला. शेवटी एकानं स्कीची पट्टी उचलून तिच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला खिडकीत ऐकू आला. मी धावलो तर मलाही एक ठेवून दिली, मी गुडघ्यावर बसलो. तेवढ्यात कुणीतरी "हो जाने दो!" म्हणून रजत-आकांक्षा बसलेल्या दोन्ही ट्यूब ढकलल्या.

हात केव्हाच सुटले. खांबाच्या उजवीकडून तो गेला, डावीकडून ती. गाठ खांबावर बसली, रजत ट्यूबमधून फेकला जाऊन पलीकडं लोंबकळला, आणि त्याचा सगळा भार तिच्या गळ्यावर आला. तिच्या टाचा बर्फ उकरत होत्या. डोळे बाहेर आले. वर व्हिडिओ चालूच होता.

दीपमालानं स्वतःला पोटावर झोकून दिलं, डोकं पुढं, मोडका हात मागं फरफटत. आकांक्षाच्या खाली जाऊन धडकली, पाठीनं तिला वर रेटलं, आणि ट्यूबचे दोर कापायची सुरी कमरेतून काढून तो पदर सपासप कापला. दोघी खाली कोसळल्या, पलीकडून रजतही घरंगळत आला. आकांक्षानं घेतलेला पहिला श्वास फाटल्यासारखा वाजला.

नानाजी धावत आले ते सुनेकडं नाही. "गाठ कापली! सत्यानाश केला हिनं!" म्हणत त्यांनी दीपमालाचे केस धरून खाडकन थोबाडीत मारली. मग रजतच्या उपरण्याचं टोक उचलून सुनेला म्हणाले, "चल बाई, उठ. इथंच पुन्हा बांधून घेऊ."

आकांक्षाच्या गळ्यावर काळानिळा पट्टा उठला होता. ती रांगत आली, दीपमालाच्या आणि काकांच्या मधात बसली. आवाज फुटत नव्हता तरी तिनं तो फोडला.

"हिच्या अंगाले आता कोनी हात लावला, त मी तुमच्या घरी येत नाई. इथूनच माघारी जातो मी."

वर चाललेला व्हिडिओ तेव्हा कुठं बंद झाला.

"घरी दिवा लावून वाट पाहून राह्यले, पोरी," नानाजी पुटपुटले.

"पाहू द्या. पह्यले दवाखाना."

रजतनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. छातीवरून लोंबणारं उपरणं अंगातून काढून फेकलं आणि गाडीचं दार उघडलं. मी पुढं बसलो. त्या पोराबद्दल मला तोवर नुसती चीड होती, पण दर खड्ड्याला तो गाडी हळू करत होता हेही सांगायला हवं.

मागं नवरीच्या मांडीवर दीपमालाचं डोकं. सगळा शालू रक्तानं भरलेला. आकांक्षा हुंदके देऊन देऊन रडत होती, म्हणत होती, "मी बोलाले पाह्यजे होतं, ताई. मी तवाच बोलाले पाह्यजे होतं."

दीपमालानं एक डोळा उघडला, दुसरा सुजून मिटला होता.

"रडू नको माय," ती म्हणाली. "गळा अजून सुजन तुहा."