एका वायरचे दोन पडदे

जगातली कुठलीही वस्तू एकाच ठिकाणी वापरणं हा माझ्या थोरल्या साडूंच्या मते निव्वळ आळस आहे. शहाद्यात, पुरुषोत्तमनगरकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं घर. तिथला कूलर दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक पाडून बसवलाय, दोन्हीकडे गारवा मिळावा म्हणून. प्रत्यक्षात एका खोलीत वारा येतो आणि दुसरीत कूलरची पाठ. दारावरची घंटी त्यांनी शेजाऱ्यांच्या घंटीला जोडून टाकली, तेव्हापासून पाहुणा आला की दोन्ही घरांची दारं उघडतात. एका दिवाळीत मी शेजाऱ्यांकडेच फराळ करून, चहा पिऊन निघालो होतो. साडू मागून धावत आले. वाटलं, रागावणार. तर म्हणाले, "साडूभाऊ, घंटी कशी वाजनी? दोन्हीकडे सारखी ना?"

निवृत्तीनंतर त्यांनी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि बॅनर करून द्यायला लागले. वाढदिवस, लग्न, श्रद्धांजली, जे येईल ते. मग कुठल्याशा मोडीतून एक जुना मॉनिटर त्यांच्या हाती लागला आणि बेत ठरला: हा दुसरा पडदा स्वयंपाकघरात लावायचा, म्हणजे इकडे ते बॅनर करणार आणि तिकडे अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, भाकरी थापता थापता कीर्तन बघणार. त्यासाठी इकडून एक तोंड आणि तिकडून दोन तोंडं असलेली वायर मी नंदुरबारहून आणायची होती. मी फोनवर समजावलं, "अहो, त्या वायरीनं दोन्हीकडे एकच चित्र दिसेल."

"साडूभाऊ, गाय एक ऱ्हास, पन सडं चार ऱ्हातस ना?"

"पण चारी सडांतून दूधच येतं ना?"

पलीकडून हुकूम आला, "तुम्ही वायर ली या."

नेली. भिंतीला आणखी एक भोक पडलं. कॉम्प्युटर चालू झाला आणि व्हायचं तेच झालं: साडूंच्या पडद्यावर जे, तेच अक्कांच्या पडद्यावर. आणि साडूंच्या पडद्यावर होता पत्त्यांचा डाव. सकाळपासून 'कामात' असलेला नवरा नेमकं काय करतो, हे अक्कांना त्या दिवशी प्रथम दिसलं.

"आहो, हाई काम शे का तुम्हनं?" आतून आवाज आला. साडूंनी मान खाली घातली. आम्ही दोघंही पुढच्या भडिमाराची वाट बघत बसलो. थोड्या वेळानं परत आवाज आला, "आनि तो काया दश्शा लाल गुलामवर ठेवा ना! कवळनी देखी ऱ्हायनू मी!"

कीर्तन राहिलंच. एरवी 'जेवायला चला' पलीकडे फारसं न बोलणारं ते जोडपं आता भिंतीआडून दिवसभर बोलायला लागलं. "ते नाव मोठं करा." "पिवया रंग नको, काविळ झायी असं दिखस." एकदा तापीकाठच्या एका गावातला म्हातारा, भाऊ वारला म्हणून दोघांचा जोडफोटो घेऊन आला. साडूंनी त्यातला एक चेहरा कापून हार घातला, समई लावली, 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि छपाईला पाठवणार, तोच अक्का पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या.

"थांबा, थांबा! हाऊ बाबा ते जित्ता शे! फोटो देवाले हाऊच उना व्हता! आपला वट्टावर बशीसन चहा पिना!"

साडूंनी घाईघाईनं जोडफोटो परत उघडला. चेहरा बदलला, बॅनर वेळेवर गेला आणि ते मला फोनवर अभिमानानं म्हणाले, "देखा, म्हनीसन दोन पडदा जोयजेत."

यंदा लेकीच्या बाळंतपणासाठी अक्का सुरतेला गेल्या, त्या बरेच दिवस तिकडेच राहिल्या. मध्यंतरी मी साडूंकडे गेलो. पडद्यावरचं चित्र फिकं दिसत होतं. एकाची ताकद दोघांत वाटली गेली की तसं होतंच. मी म्हटलं, "अहो, आतला पडदा सध्या कोण बघतंय?" आणि आत जाऊन त्याची पिन स्वतःच उपसली. पुढच्या खोलीत चित्र लख्ख झालं. साडू त्याच्याकडे बघत राहिले. मग डोळे चोळत म्हणाले, "इतला उजेड नही जोयजे. डोयास्ले टोचस."

ते उठले, आत गेले आणि पिन परत बसवली. दोन्ही स्क्रू हातानं आवळेपर्यंत तिथेच उभे होते. रिकाम्या स्वयंपाकघरात पडदा उजळला, बाहेर चित्र पुन्हा फिकं झालं.

"आते बराबर," साडू म्हणाले.