बोटभर कापड

यंदा नवं काही घ्यायचं नाही, असं आम्ही घरात ठरवलं होतं. म्हणून लेकीचे आखूड झालेले शाळेचे दोन्ही फ्रॉक घेऊन मी हिनकल गावातल्या एका शिंपीणबाईंकडे गेले. त्यांचं नाव मी कधीच विचारलं नाही. त्यांनी घेर उलटला, नखानं शिवण चाचपली आणि चष्मा काढला.

"अय्यो, आत बोटभरही कापड सोडलं नाही. पोर वाढते म्हणून ठाऊक नाही काय त्यांना?"

ठाऊक होतं, म्हणूनच सोडलं नव्हतं. फ्रॉक शाळेनंच नेमून दिलेल्या दुकानातले. माझंही डोकं तापलं.

त्यांनी दोन्हींतला जास्त विटका फ्रॉक कापून त्याची पट्टी दुसऱ्याला जोडली. दोरा दातानं तोडत म्हणाल्या, "शाळेत कुणी बोललं तर मला बोलवा. मी येते."

जोड लांबूनही दिसतो. कुणीतरी बोलावं, म्हणून मी वाट बघतेय.