तुरीपलीकडचं 'नाही अजून'

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा नाही. बाभळीवरची बाई, पडक्या विहिरीतले घुंगरू असलं पुष्कळ ऐकत लहानाचा मोठा झालो. पण कॉलेजात सायन्स घेतल्यापासून घरात असा विषय निघाला की मी उठून बाहेर जायचो. मॅट्रिकच्या पुढे गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच... त्यामुळे हे लिहावं की नाही, याच विचारात बरेच दिवस गेले. आपल्या सदराच्या वाचकांपैकी कुणाला उलगडा झाला तर बरं, म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव मेहकर तालुक्यात, डोणगावजवळ. गावाबाहेर नाल्याला लागून आमचं भाजीपाल्याचं वावर आहे. वरच्या अंगाला विहीर, मधे तुरीचा आडवा पट्टा आणि तुरीपलीकडे वांग्या-मिरचीचे वाफे. तूर डोक्याइतकी वाढली की विहिरीवरून वाफे दिसत नाहीत.

मागल्या वर्षापर्यंत विहिरीवर मोट होती. बाबा धावेवर, विहिरीच्या तोंडापासूनच्या उतारावर, बैल हाकायचे आणि खाली वाफ्यांत माय किंवा मी पाणी वळवायचो. खालचं दिसत नाही म्हणून बाबा वरून ओरडायचे, "झालं काऽय?" वाफा भरायचा असला की आम्ही म्हणायचं, "नाही अजूऽन!" मग आणखी एक मोट यायची. "झालं!" म्हटलं की बैल सुटायचे. दुसरं बोलणंच नसायचं.

मग ऑइल इंजिन आलं. बैल विकले. मोटेचं कातडं गुरांच्या रिकाम्या कोठ्यात टांगलं, ते सुकून लाकडासारखं झालं.

आता बाबांनी सुखात राहायला हवं होतं. पंचेचाळिशीचं वय, तब्येत खणखणीत, साधा खोकला नाही. पण त्यांना घरात बसवेना. ओट्यावर बसायचे, उठायचे, एस.टी.च्या थांब्यापर्यंत जायचे आणि गाडी आली की न चढता परत यायचे. विचारलं तर एकच — "करमत नाही."

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा मायनं मला चुलीपाशी बसवलं आणि दाराकडे पाहत हळूच म्हणाली, "तुह्या बाबाचं लक्षण ठीक नाही. दुपारी ऊन तापलं की वावरात जातेत. इंजिन बंद, काम काहीच नाही. शेजारची गंगा सांगे, तुरीतून कोनी बोलते म्हणे त्याइच्यासंगं."

"कोन बोलते?"

"मले काय विचारतं? बाईच असन! अन् हे पाय..." तिनं मला कोठ्यात नेलं. कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगामागे एक वळकटी बांधून ठेवलेली होती. सतरंजी, दोन धोतरं, तांब्या. "पळून जाऊन राह्यला तुहा बाप!"

मला हसू येईना. बाबा गेले तर वावर एकट्या मायवर पडणार, आणि मला कॉलेज सोडून परत यावं लागणार. त्या रात्री मी मनातल्या मनात गावातल्या एकेका बाईवर संशय घेऊन पाहिला. गंगाकाकूंवरसुद्धा — चोरानंच आधी ओरड करावी, तसं तर नसेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांच्या मागं गेलो. बांधावरच्या बोरीआड उभा राहिलो. बाबा धावेवर होते. बैल नव्हते, तरी बाबा उतारानं खाली जात होते आणि पाठमोरे वर येत होते... मोट हाकताना येतात तसे. हातात कासरा नव्हता, पण मूठ आवळलेली. वर येऊन थांबले आणि ओरडले —

"झालं काऽय?"

मग तुरीपलीकडून खोकल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी म्हणालं,

"नाही अजूऽन!"

बाईचा आवाज नव्हता. मी तुरीतून धावत सुटलो, तोंडावर शेंगा आपटत होत्या. पलीकडे कुणीही नव्हतं. सपाट वावर थेट नाल्यापर्यंत, लपायला आडोसा नाही. एक वाफा मात्र काठोकाठ ओला होता. इंजिनातलं डिझेल संपलेलं, रिकामा डबा आमच्या घरी पडलेला. त्या चिखलात पावलं फक्त माझी होती.

वर आलो तर बाबा म्हणाले, "काय बे, तू कुठून उगवला?"

"खाली कोन हाय, बाबा?"

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "तुले ऐकू आलं?"

"हाव."

ते थारोळ्याच्या दगडावर खाली बसले. मोटेचं पाणी जिथं पडायचं, तिथं. "मले वाटे, मीच येडा झालो."

"तुमी जाऊन काऊन राह्यले, बाबा? कुठी जाता?"

"कुठी, ते मलेच मालूम नाही बे. तू शिकून राह्यला, इंजिन आलं, सारं बरं हाय. पन आतून कोनी ढकलते — चाल म्हणते, इथं तुहं काय राह्यलं आता? निघालोच होतो एक दिवस. जाता जाता इथं आलो अन् सवयीनं वरडलो... तं जवाब आला." दगडावरून हात फिरवत ते म्हणाले, "मंग ठरवलं. ज्या दिवशी 'झालं' म्हणन, त्या दिवशी वळकटी उचलतो."

घरी येऊन मायला सगळं सांगितलं. खोकल्याचं तेवढं बोलायचं राहून गेलं. तिनं पहिलं विचारलं, "बाईचा का मानसाचा?"

"मानसाचा."

"मंग उद्यापासून मी उभी राह्यतो वाफ्यात. पाह्यतो कसा 'झालं' म्हणते तो."

आणि ती खरंच जाऊ लागली. सुट्टी संपून मी परत आलो.

कॉलेजात आमच्या फिजिक्सच्या सरांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, विहिरीत आवाज घुमतो, तोच परत आला असेल. असेलही... पण घुमलेला आवाज प्रश्नच परत आणतो. उत्तर कुठून आणेल? आणि ओला वाफा?

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा वळकटी सुटलेली होती. सतरंजी बाबांच्या अंगाखाली, तांब्या माठावर. दुपारी ते अजून वावरात जातात, मायही जाते. मी तिला एकटीला गाठून विचारलं, "तूच जवाब देतं ना आता?"

"मी तोंड उघडाच्या आधीच येते जवाब," माय म्हणाली. "अंगाला लागूनच कोनी उभं असल्यावानी. दिसत काहीच नाही."

"भेव नाही वाटत?"

"पहिल्या दिवशी वाटलं. मंग आवाज नीट आयकला." ती तव्यावरची भाकर उलटवत होती. "म्हतारा हाय कोनी. तुह्या बाबावानीच बोलते. बोलाच्या आधी खोकते तेवढा."