पिकायची वाट पाहिली, तो मोतीबिंदू नव्हताच

"काका, हा मोतीबिंदू नाही. ग्लॉकोमा आहे, म्हणजे काचबिंदू. डाव्या डोळ्याची नजर बरीचशी गेली आहे आणि ती परत येणार नाही."

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. सकाळपासून बाकावर बसवून ठेवलं होतं. त्यात मी बैलांचा व्यापारी. वडलांची दावण रिकामी होती. थोरला भाऊ आणि मी, दोघांनी जे उभं केलं ते जिभेच्या जोरावर. समोरच्याचा पहिला शब्द मान्य करायचा नाही, ही हाडात मुरलेली सवय. मी म्हणालो, "बाई, नीट बघा. ऑपरेशन करा, लागलं तर दोन्ही डोळे एकदम घ्या. पण गेली म्हणू नका."

त्या म्हणाल्या, "इथे घासाघीस होत नाही काका. गेलं ते गेलं. उरलंय ते राखायचं का, तेवढं बोला."

मला गप्प बसवणारं माणूस बाजारात अजून भेटलेलं नाही. तिथं मी एवढंच म्हणालो, "राखायचं."

त्यांनी समजावलं ते इथं सांगतो, कारण आपल्याकडे दोन्ही आजारांची गल्लत होते. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ऑपरेशननं भिंग बदलता येतं, आणि तो पिकेपर्यंत थांबायची गरज नसते. काचबिंदूत ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, सुकत जाते. बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यानं. बहुतेकांना दुखत नाही, डोळा लाल होत नाही. आधी कडेची नजर जाते. समोरचं दिसत राहतं, म्हणून माणूस निर्धास्त असतो.

मग फील्ड टेस्ट झाली. एका पांढऱ्या, वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, नजर मधोमध ठेवायची आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी मी बटण धरून नुसता बसून राहिलो. मला वाटलं, यंत्र बंद पडलं.

बाहेर आल्यावर मनात एकच गोष्ट घोळत होती. बैल घेताना आम्ही त्याच्या डोळ्याच्या कडेनं रुमाल हलवतो. पापणी लवली नाही की समजायचं, या बाजूनं अधू आहे. हजारो जनावरांना मी असा रुमाल हलवला. स्वतःला कधी नाही. आमचा भाव तर रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, त्याला डोळे लागतच नाहीत. डाव्या अंगाच्या बैलाचं शिंग दोनदा बरगडीत बसलं, तेव्हाही मी बैलालाच शिव्या दिल्या.

बाईंनी विचारलं होतं, "घरात कुणाला आहे का?" मी ठणकावून म्हणालो होतो, "न्हाई. थोरल्या भावाला मोत्या हाय, त्यो रोज थेंब टाकतो." त्या म्हणाल्या, "मोतीबिंदूसाठी वर्षानुवर्षं थेंब टाकत नाहीत काका. विचारून बघा. हा आजार घराण्यात चालतो."

आमच्या गावी, पेडगावला आलो तो सरळ दादाच्या घरी. वहिनी गेल्यापासून तो एकटाच राहतो. त्याच्या कोनाड्यातली बाटली उचलली आणि माझ्या खिशातल्या, बाईंनी दिलेल्या बाटलीशेजारी ठेवली. झाकण एक, नाव एक.

"दादा, हे मोत्याचं औषध हाय?"

त्यानं आपली बाटली उचलून परत कोनाड्यात ठेवली. मग म्हणाला, "बैलवाल्याचे डोळे चालले म्हणल्यावर कोण जनावर दाखवील रे? मोत्या म्हणलं की लोक इचारत न्हाईत."

"लोकांचं सोड. डाव्या बाजूला अंधारी येती म्हणलो, तवा तूच म्हणलास, मोत्या असंल, पिकू दे."

"मला वाटलं, तुला खरंच मोत्या असंल."

"मी गिऱ्हाईक होतो का तुझं?"

बाजाराचा कायदा आहे, विकणाऱ्यानं जनावराचा ऐब, म्हणजे खोट, सांगायचा नाही, घेणाऱ्यानं हेरायचा. दादानं तो कायदा घरात चालवला. मी वाट पाहत राहिलो आणि डावा डोळा त्यात गेला.

धाकटी बहीण बोरीला दिली आहे. दादा म्हणाला, "तिच्या सासरी बोलू नको." मी दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात, सासूच्या देखत, मोठ्यानं सांगितलं. सासू म्हणाली, "पावनं, हळू बोला की, डोळ्याचं हाय, कानाचं न्हाई." पण तपासणीला तीच सोबत आली. बहिणीचा दाब वाढलेला निघाला, नस मात्र शाबूत होती. थेंब सुरू झाले. या सगळ्या व्यवहारात हाती लागलं ते एवढंच, आणि त्यासाठी त्या बाईंचे उपकार मानतो.

चाळिशी उलटली असेल तर डोळ्यातला दाब आणि नस तपासून घ्या, नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. घरात कुणाला काचबिंदू असेल तर भावाबहिणींना सांगा. लाज वाटली तरी सांगा.

मी अजून बाजारात जातो. रुमालाखाली हात घालण्याआधी सांगून टाकतो, डावीकडून मला दिसत नाही, बैल उजवीकडून फिरवा. काही जण त्यात चाल शोधतात. काही जण दुसऱ्या व्यापाऱ्याकडे वळतात. दादाचं अगदीच चुकलं होतं, असं म्हणता येत नाही. तेच जास्त टोचतं.

त्याचा हात आता थरथरतो, थेंब गालावर पडतो. म्हणून रोज सकाळी मी जातो. थेंब टाकतो आणि बाईंनी दाखवल्याप्रमाणे डोळ्याचा नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरतो. इतक्या जवळ बसून आम्ही बोलत नाही.

परवा त्यानंच विचारलं, "राग गेला का रे?"

"न्हाई," मी म्हणालो. "डोळे मीट."