उसवायची सोय नाही

माझी आत्या कपडे शिवते. तिनं बुद्धिबळ शिकवा म्हटल्यावर आतोबा हसले, ‘तुझ्या डोक्यात नाही शिरायचं.’ आत्या हट्टाला पेटली. तिनं फोनवर फुकटचे धडे शोधले आणि शिलाई मशीनला फोन टेकवून एका साइटवर कॉम्प्युटरशी खेळायला लागली. चुकलेली शिवण उसवावी तशी ती चाल मागे घ्यायला जायची, पण त्या साइटवर तशी सोयच नव्हती. सपाटून हरली, तरी सोडलं नाही. आधी सगळा पट बघायचा आणि मगच बोट लावायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं.

परवा तिनं पट मांडून आतोबांना खेळायला बसवलं. त्यांनी वजीर भलत्याच घरात ठेवला आणि ‘थांब, चुकलं’ म्हणत हात पुढे केला. तोवर आत्यानं वजीर मारून बटणांच्या डब्यात टाकला होता.

‘उसवायचं ते शिवणकामात,’ ती म्हणाली. ‘खेळा.’